ईमच्या मुक्कामासाठी काकूंना जाहीर आभार

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला सुरुवात केली की तुम्ही लगेच "आईचा गुडघा काय म्हणतोय?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. आणखीही एक कारण आहे. म्हाताऱ्या आईवडलांना परदेशात फिरायला नेणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

आईला इंग्लंडला जायचं होतं, पण लंडन बघायला नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत तिनं वर्तमानपत्रात ईम या गावाबद्दल वाचलं होतं. डर्बीशरच्या डोंगरातलं हे छोटं गाव. तिथे १६६५ साली प्लेग आला आणि आजूबाजूच्या गावांत तो जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं. ते कात्रण तिनं पंचांगात जपून ठेवलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. दवाखान्यातून त्यांना परस्पर नेलं, आईला दारातूनही बघता आलं नाही. त्यानंतर ती त्या कात्रणाबद्दल काहीच बोलली नव्हती. गेल्या वर्षी मी "कुठे जायचं सुट्टीला?" म्हणून विचारलं, तेव्हा तिनं पंचांग उघडून ते माझ्यासमोर ठेवलं. "इथे. आणि बसमधून बघायचं नाही. राहायचं."

घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. एवढा पैसा घालून खेड्यात काय बघणार, त्यापेक्षा स्कॉटलंड करा, स्वित्झर्लंड करा. मावशीनं मात्र तुमचा नंबर दिला. "कोल्हापूरच्या आमच्या जुन्या शेजारीण. शेफील्डला नर्स होत्या, आता निवृत्त आहेत." मी फोन केला. तुम्ही "का?" असं विचारलंच नाही. तुमचं पहिलंच वाक्य होतं, "मग ऑगस्टच्या शेवटी या. शेवटच्या रविवारी तिथे प्लेगच्या आठवणीची प्रार्थना असते, आणि त्याच सुमारास विहिरी सजवतात." आईची इच्छा इतक्या सरळपणे मान्य करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

घराची गोष्ट आधी सांगते, कारण ते आम्हाला इथून कधीच जमलं नसतं. इंटरनेटवर सगळीच दगडी घरं सुंदर दिसतात. जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद असतात, दाराच्या चौकटी बुटक्या असतात, आणि न्हाणीघर बहुधा वर असतं, हे फोटोत कळत नाही. तुम्ही शेफील्डहून बसनं जाऊन तीन घरं बघून आलात. झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही खाली असलेलं घर ठरवलंत. घरमालकीणबाईंना आईच्या गुडघ्याचं सांगून अंघोळीसाठी स्टूल ठेवून घेतलंत. आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर कुकर, मिसळणाचा डबा, गोडा मसाला, तूरडाळ आणि तांदूळ असं सगळं मांडलेलं होतं. शेजारी आईसाठी मोठ्या मराठी अक्षरात लिहिलेले कागद.

ते कागद आईनं परत येताना विसरू नयेत म्हणून पासपोर्टच्या पाकिटात ठेवले. त्यातल्या काही ओळी इथे देते.

"फोडणी घालण्याआधी खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजेल. वाजला तर घाबरू नका, टॉवेलनं वारा घाला."

"रविवारी बस कमी असतात. परतीची वेळ आधी बघून मगच निघा."

"पायवाट शेतातून गेली तरी बिचकू नका, ती सगळ्यांची आहे. गेट उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. गायीजवळ वासरू असेल तर लांबून वळसा घाला."

"बरं नसेल पण जीवावरचं नसेल तर १११ ला फोन. जीवावरचं असेल तर ९९९. दोन्हीच्या आधी मला केलात तरी चालेल, रात्री कितीही वाजता."

पायवाटांचं तुम्ही नंतर चालता चालता समजावलंत. नकाशावर हिरव्या तुटक रेघा असतात, त्या वाटांनी कुणीही जाऊ शकतं. शेत कुणाचंही असो, मालकाला ती वाट बुजवता येत नाही. पण वरची मोकळी माळरानं पूर्वी लोकांना बंद होती. जमीनदार तिथे शिकारीसाठी पक्षी राखत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो कामगार मुद्दाम किंडर स्काउटच्या माळावर चढून गेले आणि त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. १९५१ साली हाच सगळा डोंगराळ मुलुख, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. हे सांगताना तुमच्या आवाजात शेफील्डकरणीचा अभिमान होता. कोल्हापूरचा अभिमान तुमच्या आवाजात असतो तसाच. मला फार आवडलं ते. त्या दिवशी ईमच्या वरचा माळ हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरला होता. तिथे आई दगडी भिंतीला टेकून कितीतरी वेळ उभी होती आणि तुम्ही "चला" म्हणाला नाहीत.

गावात राहायचं म्हणजे काय, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. सकाळी दुकानातून दूध आणि पाव. रस्त्याकडेला दगडी डोण्या. गावाला पाणी पुरवण्यासाठी त्या १५८८ पासून आहेत असं सांगतात. कुणाच्या फाटकापाशी जास्तीची अंडी, लांब हिरव्या शेंगा आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. कुणी बघत नाही, आपण मोजून पैसे टाकायचे. त्या शेंगांची आईनं दाण्याचं कूट घालून भाजी केली आणि एक वाटी शेजारच्या आजोबांकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती प्लमनी भरून. आई म्हणाली, "बघ, रिकामी वाटी परत करत नाहीत इथेही." सोमवारी तुम्ही बेकवेलच्या बाजाराला नेलंत. तिथलं पुडिंग मला गोड झालं, आईला आवडलं.

पण मला खरं लिहायचंय ते प्लेगच्या जागांबद्दल. त्या तुम्ही ज्या सावकाशीनं दाखवल्यात, त्याबद्दल.

चर्चशेजारच्या घरांवर हिरव्या पाट्या आहेत. कोण राहत होतं, कोण कधी गेलं. एका घरात शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड राहत असे. त्याच्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. दमट होता म्हणून जॉर्ज व्हिकर्स या मदतनिसानं तो शेगडीपुढे वाळत घातला आणि कापडातल्या पिसवा जाग्या झाल्या, अशी तिथली कथा. ७ सप्टेंबर १६६५ ला त्याचं दफन झालं. त्या घरातली शिंप्याची बायको मेरी एकटी वाचली, तिचे तेरा नातेवाईक गेले. आई पाटीसमोर उभी राहून प्रत्येक नाव तुमच्याकडून वाचून घेत होती. मागून येणारे प्रवासी फोटो काढून पुढे जात होते. तुम्ही मात्र प्रत्येक नाव दोनदा उच्चारत होता, आईला नीट म्हणता यावं म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात, जून १६६६ मध्ये, धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला स्वतःला कोंडून घ्यायला राजी केलं. आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांना राजाच्या नव्या प्रार्थनापद्धतीला नकार दिल्यामुळे पदावरून काढलेलं होतं, गावात बरेच जण अजून त्यांनाच मानत होते. दोघांचे मतभेद होते, तरी या कामात ते एकत्र आले. गावाबाहेर कुणी जायचं नाही. प्रार्थना चर्चमध्ये नाही, उघड्यावर. आपल्या माणसाला आपणच पुरायचं. जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातून तिथल्या सरदारांनी, डेव्हनशरच्या अर्लनी, अन्न पाठवायची व्यवस्था केली. गावच्या हद्दीवर दगडात भोकं पाडून त्यांत व्हिनेगर भरत, रोग लागू नये म्हणून त्यात नाणी टाकत आणि बाहेरचे लोक सामान ठेवून ती नाणी घेऊन जात. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा तो दगड आम्ही बघितला. आईनं भोकात बोट घालून पाहिलं. तळाला पावसाचं पाणी आणि कुणीतरी टाकलेली पेनी होती.

सुमारे चौदा महिन्यांत २६० माणसं गेली असं गाव मानतं. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन ऑगस्ट १६६६ मध्ये गेली, तिची कबर चर्चच्या आवारातच आहे.

तिथे बसल्यावर तुम्ही एक गोष्ट बोललात, ती मला कुठल्या माहितीफलकावर दिसली नाही. तुम्ही म्हणालात, "मॉम्पेसननी स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती. ज्यांना जाणं शक्य होतं त्यांतले काही सुरुवातीलाच गेले. जे राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरीकडे घर नव्हतं, ओळख नव्हती. साथीत नेहमी असंच असतं गं. पण जायला जागा नसणं वेगळं आणि मी जाणार नाही असं ठरवणं वेगळं. त्यांनी ठरवलं." २०२० मध्ये निवृत्तीनंतर तुम्ही पुन्हा वॉर्डात कामाला गेला होतात, हे मला मावशीकडून कळलं होतं. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मला वाटतं, ईमच्या लोकांबद्दल इतकं नेमकं बोलायचा अधिकार तुम्हाला तिथूनच मिळाला असावा.

रायलीच्या कबरींकडे चढ आहे. मी आईला "खालूनच बघू" म्हणत होते. तुम्ही घडीची खुर्ची खांद्याला अडकवलीत आणि दर वळणावर ती उघडून आईला बसवत वर नेलंत. शेताच्या मधोमध गोल दगडी कुंपण आहे. आत एलिझाबेथ हॅनकॉकचा नवरा आणि सहा मुलं. ऑगस्ट १६६६ मधल्या आठ दिवसांत सगळे गेले आणि तिनं एकटीनं त्यांना पुरलं. आईनं चपला बाहेर काढल्या. तुम्हीही बूट काढलेत. जॉन, एलिझाबेथ, विल्यम, ओनर, अ‍ॅलिस, अ‍ॅन अशी मुलांची नावं झाली. मग आई बोलायला लागली. आधी तिच्या आजीबद्दल. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात प्लेग आला की उंदीर मरायला लागायचे, आणि अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचं. आजीचा जन्म तशाच एका झोपडीतला. हे मीही पहिल्यांदा ऐकत होते. मग बाबांबद्दल. दवाखान्याचा फोन किती वाजता आला, तिनं कुठली साडी नेसली होती, कुणी दार कसं अडवलं. "हिनं निदान माती तरी दिली स्वतःच्या हातानं," असं म्हणाली.

काकू, तुम्ही त्यावर काहीच सांत्वनाचं बोलला नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठली साडी होती?" आणि आईनं सांगितलं. पुष्कळ वेळ सांगत होती. त्या क्षणी मला तुमच्या नर्सपणाचा अर्थ कळला.

विहिरींची सजावट हा तुमचा सगळ्यात मोठा उपकार. डर्बीशरमध्ये गावोगाव विहिरींपुढे, झऱ्यांपुढे फुलांची चित्रं उभी करतात हे आम्हाला बघायला मिळालं असतंच. पण तुम्ही तिथल्या बायकांना फोन केलात आणि सांगितलंत की एक बाई येणार आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही, बोटं चांगली आहेत. पत्र्याच्या छपराखाली मोठ्या लाकडी फळ्या आडव्या मांडलेल्या होत्या. आधी त्या पाण्यात भिजवतात, मग मीठ घालून मळलेल्या चिकणमातीचा थर देतात. चित्र कागदावर काढून तो मातीवर पसरायचा आणि रेघेरेघेनं टोचत जायचं, म्हणजे ठिपके खाली उमटतात. त्या ठिपक्यांवर अल्डरच्या झाडाची छोटी काळी बोंडं लावून बाह्यरेषा करायची. मग शेवाळ, पानं, बिया, आणि शेवटी पाकळ्या. सगळं निसर्गातलंच हवं. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, प्रत्येक वरची पाकळी खालचीवर थोडी चढवून, कौलांसारखी, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं.

हे ऐकताच आईनं चष्मा पुसला आणि पदर खोचला. ठिपक्यांच्या रांगोळीत जन्म गेलेला. तिनं हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या घेतल्या आणि आकाशाचा कोपरा भरायला बसली. शेजारच्या बाईंनी तिची पहिली ओळ बघितली आणि न बोलता आपली टोपली तिच्याकडे सरकवली. त्यानंतर रोज सकाळी आई माझ्याआधी तयार. तिथे तिची खुर्ची ठरली, तिचा चहाचा कप ठरला. गुडघ्याचं नाव नाही.

आणि तिथेच, एका दुपारी, कुणीतरी विचारलं की तुमच्याकडे प्लेगबद्दल काही लक्षात ठेवतात का. आई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. हातातली पाकळी खाली ठेवून तिनं सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, मग पुण्यात. लोक भीतीनं रोगी लपवायला लागले. त्या दिवसांत सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर झालेले चिरंजीव यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून आणलं. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आई एकेक वाक्य वर्गात सांगायची तसं स्वच्छ सांगत होती, आणि तुम्ही ते इंग्रजीत करत होता. मला दोन्ही भाषा येतात म्हणून सांगते, तुम्ही एकही शब्द गाळला नाहीत, आणि पदरचाही घातला नाहीत. टेबलाभोवतीचे हात थांबले होते. मग एका आजींनी ते नाव पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं. सहा-सात इंग्लिश बायका मातीनं भरलेल्या हातांनी "सावित्रीबाई" म्हणायला शिकत होत्या आणि आई एकेकीचा उच्चार सुधारत होती. काकू, वडील गेल्यापासून माझ्या आईला मी शिकवताना बघितलं नव्हतं.

रविवारी ककलेट डेल्फमध्ये, जिथे त्या वर्षी उघड्यावर प्रार्थना होत होत्या, त्याच घळीतल्या गवतावर तुम्ही आईच्या शेजारी बसलात आणि सगळं प्रवचन तिच्या कानात मराठीतून सांगितलंत. आपण तिघी त्यांच्या धर्माच्या नाही, तरी आपल्याला पुढे जागा करून दिली गेली. आई भजनाच्या वेळी हात जोडून उभी होती. नंतर म्हणाली की आज त्यांचं राहिलेलं झालं. कुणाचं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं, तुम्हालाही.

तेव्हा काकू, आभार. घर शोधल्याबद्दल, कुकरबद्दल, कागदांबद्दल. आणि माझ्या आईला बघायला आलेली पाहुणी म्हणून न वागवता हातांना काम असलेली बाई म्हणून त्या गावात नेल्याबद्दल. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर प्रेमानं गाडीत बसवून सगळं दाखवलं असतं, आम्ही त्यातही खूश झालो असतो. पण आई आता घरी बोलते. बाबांचं नाव घेते. पितृपक्षात तिनं पहिल्यांदा त्यांच्या आवडीचा स्वयंपाक स्वतः सांगून करवून घेतला. वाड्यातल्या मुलींना तिनं पाकळ्या खालून वर लावायला शिकवलं आहे, नवरात्रात देवीपुढे तशीच फळी केली.

तुमच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत होणार असं मावशीकडून कळलं. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, पण आता कळलंच आहे. मी रजेचा अर्ज टाकला आहे. आईचा व्हिसा चालू आहे, ती माझ्याबरोबर येणार आणि तुम्ही चालायला लागेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेणार, असं तिनं ठरवून टाकलंय. नाही म्हणू नका. फक्त तारीख कळवा आणि तिकडे मेथी मिळते का ते सांगा, नाहीतर कसुरी मेथी भरून आणतो.

तब्येतीला जपा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचीच,
शिक्षिकाबाईंची लेक